म्होरकी : जंगलपट्टीच्या साहित्यातली बंडखोर बाई

(या भागात बोललेल्या गोष्टींचा हा मजकूर. ऐकताना पुस्तकांची नावं निसटतात अशी तक्रार असते, म्हणून बोलणं होतं तसंच, थोडं नीट करून इथे देत आहोत.)

आजचा विषय आहे साहित्यातल्या खमक्या आणि बंडखोर बायका. पण पुण्या-मुंबईच्या नाही. आज आपण चंद्रपूर आणि गडचिरोलीत राहूनच बोलणार आहोत. हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. तेव्हा राणी, कवयित्री, डॉक्टर आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावरची बाई, सगळ्यांना एकाच अंगणात बसवायला हरकत नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करते. बंडखोर नायिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दार येतं. घराचं दार, आणि त्यातून बाहेर पडणारी बाई. इब्सेनची नोरा १८७९ साली नवऱ्याचं घर सोडून गेली. मराठीत अनंत काणेकरांनी तिला ‘घरकुल’मध्ये आणलं. त्यानंतर कितीतरी मराठी नाटकं-कादंबऱ्यांतल्या नायिकांना आपण याच मापाने मोजलं. घर सोडलं की बंडखोर, नाही सोडलं की सोशीक.

आता मराठीतलीच दोन जुनी उदाहरणं घ्या. विदर्भातल्याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बाळहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांतून बायकांवर तोंडसुख घेतलं गेलं, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. त्या कुठे निघून गेल्या नाहीत. जागेवर बसून त्यांनी पुरुषांना हिशोब विचारला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुढे त्यांचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे एकच पुस्तकही जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं. दुसरं उदाहरण विभावरी शिरूरकरांचं, म्हणजे मालती बेडेकरांचं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते टोपणनावाने, आणि ही विभावरी कोण याचा शोध घेण्यातच लोकांची शक्ती गेली.

म्हणजे बघा, दोघींचंही बंड घर सोडण्यात नव्हतं. जे बोलू नये असं ठरलं होतं ते बोलण्यात होतं. हा धागा धरून ठेवा, तो पुढे जंगलात घेऊन जायचा आहे.

जंगलात शिरल्याबरोबर एक अडचण येते. गडचिरोलीत ‘बंडखोर’ हा शब्द सहज वापरता येत नाही. इथे तो शब्द उच्चारला की बंदूक आठवते. चार दशकं या भागाने नक्षली आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंच्या बंदुका पाहिल्या. त्यामुळे बाहेरच्या वाचकाला इथली बंडखोर बाई म्हटली की ती हिरव्या गणवेशातलीच वाटते. नाहीतर मग अत्याचार सोसलेली.

महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही बंगाली कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. सत्तरच्या दशकातली. दोपदी मेझेन ही संथाळ बाई पकडली जाते, तिच्यावर छावणीत अत्याचार होतात, आणि ती कपडे घालायला नकार देऊन तशीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. हादरवून टाकणारी कथा आहे, तिचं मोल कमी करायचं नाही. पण अशा ताकदीच्या कथेचा एक परिणाम होतो. जंगलातली बाई बंडखोर ठरायची तर तिने निदान इतकं तरी भोगलं पाहिजे, अशी आपली नकळत अपेक्षा तयार होते. मग जी बाई सकाळी मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूची सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधते आणि संध्याकाळी ग्रामसभेत उठून दोन वाक्यं बोलते, तिचं बंड आपल्याला दिसतच नाही.

आज मला त्या न दिसणाऱ्या बंडाबद्दल बोलायचं आहे.

पहिली बाई तीनशे वर्षांपूर्वीची. राणी हिराई.

चंद्रपूरला आलात तर अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सगळ्यात देखणी समाधी बीरशहाची, आणि ती बांधून घेतली त्याच्या राणीने, हिराईने. बीरशहाची गोष्ट इथे घरोघरी सांगितली जाते. त्याच्या मुलीचा तिच्या नवऱ्याने, देवगडच्या दुर्गपालाने अपमान केला. बापाने देवगडावर स्वारी केली, जावयाचं डोकं महाकालीला वाहण्याचा नवस बोलला आणि तो फेडला. पुढे बीरशहाचा खून झाला, तोही त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या प्रसंगी. हिराईला मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्य स्वतः चालवलं. महाकालीचं मंदिरही तिच्याच काळात उभं राहिलं असं मानतात.

आता या बाईला आपल्या लेखांनी, भाषणांनी, पर्यटनाच्या पत्रकांनी काय केलं? ‘पत्नीने पतीसाठी बांधलेला ताजमहाल’. झालं. इतकंच. जिच्या हातात चांद्याचं राज्य होतं तिची ओळख शेवटी नवऱ्याच्या समाधीवरून.

मला या गोष्टीत दुसरंच काहीतरी दिसतं. नवरा दुसऱ्या लग्नाला उभा असताना मारला जातो, आणि ही बाई त्याची समाधी बांधते. तिच्या मनात काय असेल? प्रेम असेल, राग असेल, की राज्यावरचा हक्क दगडात कोरून ठेवायची हुशारी असेल? दत्तक मुलाच्या नावाने राज्य चालवायचं तर आधीच्या राजाशी असलेलं नातं सगळ्यांना दिसेल असं उभं करणं हे राजकारणही असू शकतं. कादंबरीकाराने इथेच थांबायला हवं. आपण तिला पतिव्रता ठरवून पुढे निघून जातो. आणि ज्या मुलीच्या अपमानावरून एवढी लढाई झाली, नवरा मेल्यावर ती काय म्हणाली असेल? हे तर कोणी विचारतच नाही.

आता तीनशे वर्षं पुढे येऊ, झाडीपट्टीच्या मंडपात.

विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झालं, दिवाळी उरकली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. बायका चादरी, सतरंज्या, पोरंबाळं घेऊन येतात. या रंगभूमीसाठी आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला तिचं नाव नव्याने कळलं.

या नाटकांत बाई मध्यभागी असते. सासरी छळलेली, नवऱ्याने टाकलेली, भावाने फसवलेली. तिसऱ्या अंकात ती उभी राहते, खणखणीत बोलते, मंडपात टाळ्या पडतात. पण एक गोष्ट कान देऊन ऐका. ही नायिका बहुधा प्रमाण मराठीत बोलते. झाडीबोलीत कोण बोलतं? विनोदी पात्र. ‘ण’ चा ‘न’ झाला की मंडपात हशा पिकतो.

म्हणजे समोर बसलेली बाई ज्या भाषेत भांडते, रडते, नवऱ्याला सुनावते, रोवण्याच्या चिखलात गाणी म्हणते, ती भाषा रंगमंचावर हसण्यासाठी वापरली जाते. बंड करायचं तर पुस्तकी मराठीत करायचं. मला हे फार खुपतं. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी आयुष्यभर काम केलं, झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरतात, तिच्यात कविता लिहिल्या जातात. पण झाडीबोलीत बोलणारी गंभीर नायिका, जिच्या एका वाक्याने मंडप गप्प होईल, तिची वाट मी अजून पाहते आहे.

आणि गंमत अशी की खरी बंडखोर तेव्हा रंगमंचावरच उभी असते. एके काळी दंडारीत आणि नाटकांत बायकांची कामं पुरुष करायचे. आज नटी रात्रभर काम करते, पहाटे गाडीत झोपते, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव गाठते. गाव तिला टाळ्या देतं, आणि तिच्या चारित्र्यावर बोलतंही. तिने स्वतःचं आयुष्य स्वतः लिहिलं, तर ते पुस्तक मी रांगेत उभी राहून विकत घेईन.

स्वतः लिहिण्यावर आलेच आहे तर दोन पुस्तकांची नावं शेजारी-शेजारी ठेवते. फक्त नावंच बघा.

पहिलं ‘समिधा’. साधनाताई आमट्यांचं आत्मकथन. नागपूरच्या कर्मठ घुलेशास्त्रींच्या घरातली मुलगी १९४६ साली मुरलीधर आमट्यांशी लग्न करते, आणि पुढे वरोऱ्याजवळच्या माळरानावर संसार मांडते. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये हे आनंदवनाचं भांडवल तुम्हाला पाठ असेल. समिधा म्हणजे यज्ञात घालायची लाकडं. बाई स्वतःला जळण म्हणवून घेते. त्यामुळे आपण तिला लगेच त्यागमूर्तीच्या कप्प्यात टाकतो. पण जरा विचार करा. ज्या घरात सोवळं-ओवळं काटेकोर, तिथली मुलगी कुष्ठरोग्यांच्या पंगतीत बसते, त्यांच्यासाठी रांधते. तिने घर सोडलं असं म्हणायचं की घर या शब्दाचा अर्थच बदलून टाकला असं म्हणायचं? मी दुसरं म्हणेन. आणि बाबांसारख्या वादळी माणसाबरोबर राहूनही स्वतःचं पुस्तक स्वतःच्या आवाजात सांगणं हेही सोपं नव्हतं.

दुसरं नाव ‘म्होरकी’. उषाकिरण आत्राम यांचा कवितासंग्रह.

हा शब्द कुठे भेटतो ते आठवून बघा. ‘टोळीचा म्होरक्या जेरबंद’. वर्तमानपत्रात, पोलिसांच्या भाषेत. म्होरक्या म्हणजे पुढे चालणारा, पण चांगल्या माणसाला आपण पुढारी म्हणतो, नेता म्हणतो. म्होरक्या बहुतेक वेळा गुन्हेगारच. आणि त्याचं स्त्रीलिंग? ते कोणाला कधी लागलंच नाही. आत्रामांनी हा उष्टा शब्द उचलला, त्याला स्त्रीलिंग दिलं आणि आपल्या पुस्तकाच्या माथ्यावर लावला. मला तर वाटतं बंडाची सुरुवात मुखपृष्ठावरच झाली. पुढे चालणारी बाई गोंड आहे, आणि तिचा रस्ता कोणी दाखवलेला नाही.

आत्राम गोंडी, मराठी, हिंदी अशा भाषांतून लिहितात. गोंडवानातल्या पराक्रमी बायकांवरही त्यांनी लिहिलं आहे. गडचिरोलीच्या कुसुम अलाम यांचं ‘रान आसवांचे तळे’ हे दुसरं नाव लक्षात ठेवा. नावावरून ते रडगाणं वाटेल, पण आसवं कोणाची आहेत ते बघा. रानाची. पावसाळ्यात हिरवंगार दिसणारं रान पाहून पर्यटक खूश होतो, आणि तिथे राहणारी बाई त्याला आसवांचं तळं म्हणते. रानाचं वर्णन कोण करणार, हा सगळा झगडा आहे.

या झगड्याला एक तारीखही आहे. १९७९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला भरलं, अध्यक्ष होते वामन चोरघडे. आणि त्याच वर्षी याच जिल्ह्यात, भद्रावतीला, पहिलं आदिवासी साहित्य संमेलन झालं. एकाच वर्षात, एकाच जिल्ह्यात, दोन मांडव. मोठा मांडव असताना दुसरा कशाला, असं विचारणारे तेव्हाही असतील. उत्तर सोपं आहे. मोठ्या मांडवात आदिवासी बाई कथेचा विषय म्हणून येत होती. आपला मांडव घातल्याशिवाय ती माईकपुढे येणार नव्हती.

बरं, पण ज्या लिहीत नाहीत त्यांचं काय? इथल्या कितीतरी बायकांपर्यंत अक्षर उशिरा पोचलं. त्यांचं साहित्य रेल्याच्या गाण्यांत, रोवण्याच्या गाण्यांत, भांडणांत आणि म्हणींत आहे. ते कागदावर यायचं तर कोणीतरी आधी ऐकायला हवं.

इथे मी एका डॉक्टरचं नाव घेते. राणी बंग. मूळच्या चंद्रपूरच्या, आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेतून गडचिरोलीत काम करणाऱ्या. त्यांनी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जग हादरलं ते या आकड्यांनी. पण साहित्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट त्यानंतरची आहे. या बायकांनी जे सांगितलं ते राणीताईंनी ‘कानोसा’ या पुस्तकात आणलं. अंगावरून जाणं, पाळी, गर्भपात, वांझपणाचे टोमणे, नवऱ्याची जबरदस्ती. जे सासूलाही सांगत नाहीत, ते सगळं.

त्यांचं दुसरं पुस्तक ‘गोईण’. गोईण म्हणजे जिवाची मैत्रीण. हे पुस्तक आहे झाडांवर, म्हणजे झाडं आणि आदिवासी बायका यांच्या नात्यावर. कोणतं झाड कशाला उपयोगी हे सांगता सांगता बाई स्वतःबद्दल बोलायला लागते. थेट तुझं दुःख काय असं विचारलं तर ती पदर तोंडाला लावेल. मोहाबद्दल विचारलं तर तासभर बोलेल, आणि त्या तासात तिचं सगळं आयुष्य येऊन जाईल.

या बायकांना आपण बंडखोर म्हणत नाही, कारण त्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत. पण ताराबाईंचा धागा आठवा. जे बोलू नये असं ठरलंय ते बोलणं. मग या ताराबाईंच्या लेकीच झाल्या की.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो नाजूक आहे.

आदिवासी बाई किती मोकळी, असं आपण कौतुकाने म्हणतो. जोडीदार निवडते, हुंडा नाही, विधवेचं लग्न होतं. यात बरंच खरं आहे. पण याच भागात कुर्माघरही आहे. पाळी आली की बाईने गावाबाहेरच्या किंवा घरामागच्या झोपडीत जाऊन राहायचं. पावसात, थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत.

आता आदिवासी लेखिकेची कोंडी बघा. तिने कुर्माघरावर लिहिलं तर आपलेच लोक म्हणतात, बाहेरच्यांच्या हातात कोलीत दिलंस, आता ते आपल्याला मागास म्हणतील. नाही लिहिलं तर तिच्याच मुलीला त्या झोपडीत जावं लागतं. बाहेरचे लोक जंगल घेतात, जमीन घेतात, खाणीसाठी डोंगर घेतात, त्यांच्याविरुद्ध तिला समाजाबरोबर उभं राहायचं आहे. आणि त्याच समाजाला घरात येऊन चार शब्द सुनवायचेही आहेत. शहरातल्या नायिकेला दार आपटून जाता येतं. हिला तशी सोय नाही, कारण हिला गाव सोडायचंच नाही. जंगल तिचं आहे, गाव तिचं आहे, भाषा तिची आहे. जी वस्तू आपलीच आहे ती सोडून जाण्यात कसलं आलंय बंड? तिला तिथेच राहून ती बदलायची आहे.

म्हणून मी म्हणते, घर सोडण्याचं माप या बायकांना लावू नका. हिराईने राज्य सोडलं नाही. साधनाताईंनी घर मोठं करत नेलं. आत्रामांनी शिवीसारखा वापरला जाणारा शब्द सोडला नाही, आपलासा केला. ‘कानोसा’तल्या बायका तर उठून कुठेही गेल्या नाहीत, फक्त बोलल्या. या सगळ्या राहिल्या, आणि राहून त्यांनी जागा बदलली. इथलं बंड हे असं आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. तुम्ही शिक्षक असाल तर वर्गात ताराबाई शिकवताना पुढच्या तासाला ‘म्होरकी’तली एखादी कविता वाचून दाखवा. झाडीपट्टीसाठी लिहीत असाल तर पुढच्या हंगामात नायिकेला तिच्या बोलीत बोलू द्या, हसणारे हसतील आणि मग गप्प होतील. आणि घरी आजी असेल, आत्या असेल, तर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तिला झाडांबद्दल विचारा. हो, तिला सांगून, लपवून नाही. तिचं दुःख विचारू नका. मोहाबद्दल विचारा, टेंभराबद्दल विचारा, पहिल्या पावसातल्या वास्त्यांबद्दल विचारा. बाकीचं ती सांगेलच.

रेकॉर्ड केलंत तर तिची परवानगी घेऊन आम्हाला जरूर कळवा, आणि तिचं नाव आधी लिहा, तुमचं मागाहून.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार, जोहार, आणि आमच्या गोंडी श्रोत्यांना सेवा जोहार.